आईचा जमिनीतला हिस्सा आणि फुकट वकील, आम्हाला मिळेल का?

दत्तवाडीकर_पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय पण वाचा प्लीज. आई चार घरची धुणीभांडी करते, मी डिलिव्हरीला जातो, दोघांचे मिळून महिन्याला २७-२८ हजार होतात. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, मावळात त्यांची दीड एकर आहे, सातबाऱ्यावर फक्त दोन्ही मामांची नावं लागलीत. आता प्लॉटिंगवाला आलाय आणि त्याच्या वकिलाला बहिणीची पण सही पाहिजे, म्हणून मामा रोज फोन करतायत, ताई हक्कसोड करून दे (म्हणजे हिस्सा सोडला असं लिहून दे), साडीचोळी करतो. एका वकिलांकडे गेलो तर नुसता दावा टाकायचे ४० हजार सांगितले. सरकारी वकील फुकट मिळतो म्हणतात पण वर्षाच्या उत्पन्नाची ३ लाखाची लिमिट आहे ना, मग आम्ही बाहेरच?

निवृत्त_कारकून:
अरे बाबा, दावा तू नाही, आई टाकणार आहे. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही. ३ लाख बाकीच्यांना. एससी एसटी, अपंग, कामगार यांनाही उत्पन्न बघत नाहीत. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे तिथे जा, किंवा १५१०० ला फोन लाव. जमीन मावळात म्हणजे दावा वडगावला चालेल, तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केलास तरी चालतं. आधार, सातबारा, फेरफार, आजोबांचा मृत्यूचा दाखला घेऊन जा. वकिलाची फी, टायपिंग, नकला सगळं त्यात येतं. वकिलाने वर पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, तिथेच तक्रार कर.

कोथरूडची_कावेरी:
काका बरोबर सांगतायत, पण खरं सांगू का, फुकट वकील मिळाला म्हणजे सुटलो असं नाही हां. आमच्या पोटगीच्या केसला मिळालेले साहेब तारखेच्या दिवशी फोनच उचलायचे नाहीत, दोन तारखा तशाच गेल्या. मग मी लेखी अर्ज देऊन वकील बदलून घेतला, दुसऱ्या मॅडम आल्या त्या इतक्या चांगल्या की बाहेरच्या वकिलाने पैसे घेऊन एवढं केलं नसतं. प्रत्येक तारीख स्वतःच्या वहीत लिही, त्यांच्या भरवशावर राहू नको. आणि बायकांना काही वादांत महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, तुमच्या केसला लागू होते का हे पण विचार.

सातबारा_समर्थ:
वकील मिळेपर्यंत सही करू नका!! हक्कसोड रजिस्टर झालं की ते फिरवणं महाकठीण. आजोबांची स्वतःची घेतलेली असो नाहीतर वडिलोपार्जित, मुलगी वारस आहेच, आणि वडिलोपार्जितमध्ये तर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वडील २००५ च्या (मुलींना समान हक्क देणाऱ्या कायद्यातल्या दुरुस्तीच्या) आधी गेले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा. वाटणीच्या दाव्यासोबतच विक्रीला मनाई मागा, नाहीतर दावा चालू आणि तिकडे प्लॉट विकून मोकळे. आईला भांडण नको असेल तर दाव्याआधी लोकअदालतीत तडजोड पण होते, मामांना नोटीस जाते, पटलं तर तिथेच लिहून घ्यायचं, त्याच्यावर अपील नाही.

दत्तवाडीकर_पोरगा:
हे लोकअदालतीचं आईला पटलं, म्हणते भावांना कोर्टात उभं केलं असं तरी नाही होणार. सोमवारी हाफ डे टाकून शिवाजीनगरला जातोय. आत्ता मामाचाच फोन येतोय, उचलू का?

निवृत्त_कारकून:
उचल की, मामा आहे तो. सहीचा विषय काढला तर म्हणावं आईला दमा लागलाय, नंतर बोलू.