'थांब' टिकत का नाही?

कुत्र्याला 'बस' लगेच जमतं, पण 'थांब' म्हणून पाठ वळवली की मागोमाग येतो, असं तुम्ही लिहिलंय. यात त्याचा हट्ट नाही. वेळ आणि अंतर तुम्ही एकदम वाढवताय.

आधी समोरच उभे राहा. बसवा, एकदाच 'थांब' म्हणा, एक सेकंद मोजा आणि बसलेला असतानाच खाऊ तोंडाशी न्या. मग 'चल' म्हणून मोकळं करा. हा सुटकेचा शब्द बहुतेक जण विसरतात. मग कधी उठायचं ते कुत्रा स्वतःच ठरवतो. पाचपैकी चार वेळा जमलं की ३, ५, १० सेकंद. त्यानंतर अंतर, तेही एका पावलाने, आणि तेव्हा वेळ पुन्हा कमी करायची. दारावरची बेल, मुलांचा गोंधळ असताना सराव सगळ्यांत शेवटी.

सुरुवातीला लांबून हाक मारून खाऊ देऊ नका, तुम्हीच परत त्याच्याकडे जा. नाहीतर धावत येण्याचंच बक्षीस मिळतं. उठला तर रागवू नका, गुपचूप पुन्हा बसवून सोपं करा.

खाऊ हरभऱ्याएवढा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर. मनुका मात्र अजिबात नकोत, कुत्र्यांसाठी विषारी असतात. एका वेळी ३ ते ५ मिनिटं पुरे.