गोंडोलाला मध्ये स्टेशन टाकलं तर नक्की फायदा कोणाचा?

दांडियाबाजारी
मंडळी, जानेवारीत गुलमर्गला जाऊन आलो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि बाबा, बाबांचं वय ७१. मी चार दिवस खालच्या मैदानात स्की शिकलो आणि पाचव्या दिवशी अंगात आलं म्हणून गोंडोलाने (दोरावर लटकत जाणारा डबा) पार वर अफरवट डोंगरावर गेलो. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, तिथे उतरायचं, चालत दुसऱ्या गोंडोलाकडे जायचं, मग दुसरा टप्पा. आदल्या दिवशी वारा होता तर वरचा बंद आणि खालचा मात्र आरामात चालू. वर पोचलो, उतार बघितला आणि पायच लटलटायला लागले हो, स्की परत डब्याबाहेरच्या खाचेत खोचले आणि गुपचूप गोंडोलानेच खाली आलो. समोर बसलेली दोन गोरी पोरं हसू दाबत होती.

तर प्रश्न असा की कोंगडोरीला डबा बदलायला का लावतात, तोच डबा वर का जात नाही? आणि कोंगडोरी ते अफरवटच्या मध्ये अजून एक स्टेशन टाकलं तर माझ्यासारख्या अर्धवटांना तिथेच उतरता नाही का येणार? आपल्या पावागढला माचीहून बसलं की थेट वर, मधली भानगडच नाही, म्हणून मला हे काही कळत नाही.

जीआयडीसी_नाईटशिफ्ट
मी मकरपुऱ्यात कन्व्हेयरचं काम करतो म्हणून यात जरा रस आहे. गुलमर्गचे दोन टप्पे म्हणजे दोन वेगळ्या मशिनी, वेगळे दोर, वेगळ्या मोटरी. पहिला १९९८ ला सुरू झाला, दुसरा २००५ ला, म्हणजे एका घराला नंतर वरचा मजला चढवला तसं. आणि तुम्हीच सांगितलंत ना, वारा आला तर वरचा बंद, खालचा चालू. एकच लांब दोर असता तर सगळंच बंद पडलं असतं आणि कोंगडोरीसुद्धा हुकलं असतं.

आता मधलं स्टेशन. या गोंडोलाचा डबा दोराला कायमचा बांधलेला नसतो, वर एक स्प्रिंगची पकड असते. स्टेशनात शिरला की पकड उघडते, डबा दोर सोडून रुळावर येतो, वर टायरांची रांग असते ती त्याला घासून हळू करते, माणूस रमतगमत चालेल त्याहून हळू. लोक चढले उतरले की पुढचे टायर त्याला परत दोराच्या वेगाला आणतात आणि पकड बंद. दोर एक क्षणही थांबत नाही. मध्ये स्टेशन म्हणजे हा सगळा खेळ अजून एकदा, दोन्ही बाजूंना. टायर, बेल्ट, सेन्सर, माणसं, सगळं डबल, आणि प्रवासात मिनिटभर वाढ. शिवाय डोंगरावर सपाट जागा हवी, ती कोण देणार?

बर्फातली_बडोदेकरीण
दादा, लाजू नका, आम्हीपण तसंच खाली आलोय 😄 मी तीन सीझन कॅनडात व्हिसलरला काम केलंय. तिथे व्हिलेज गोंडोलाला मध्ये ऑलिंपिक स्टेशन आहे आणि नवशिक्यांचा उतार तिथेच. म्हणजे शिकणारा मध्येच उतरतो, दिवसभर तिथेच पडतो-उठतो आणि संध्याकाळी डब्यात बसून खाली येतो. खाली गावात पाऊस पडत असला तरी मध्यावर बरेचदा बर्फ असतो, हा खरा फायदा. अमेरिकेत स्टीमबोटलापण हेच केलं, वाइल्ड ब्लू गोंडोलाचा खालचा भाग २०२२ ला आधी सुरू केला, मध्ये ग्रीनहॉर्न रँच म्हणून शिकाऊ लोकांची जागा, आणि वरचा भाग पुढच्या वर्षी जोडला. जॅक्सन होलला २०१६ ची स्वीटवॉटर गोंडोला, तिचंही मधलं स्टेशन स्की शाळेपाशी. म्हणजे आधी "तिथे उतरून माणूस करणार काय" हे ठरतं, मग स्टेशन. अफरवटच्या खाली मोकळा उतार आहे, हिमस्खलनाची भीती असलेला, तिथे अर्ध्यावर उतरून तुम्ही अजूनच अडकला असता.

फुकटचा_सल्लागार
सगळं ठीक आहे पण सीटांचं काय? स्टेशनवरून सिटी बस भरून निघाली की न्यायमंदिरला उभा असलेला माणूस हात दाखवतच राहतो, तसंच ना हे? खालीच डबे फुल झाले तर मधल्यांनी काय करायचं?

बर्फातली_बडोदेकरीण
काका अगदी बरोबर पकडलंत. म्हणून सकाळच्या गर्दीत काही डबे खालून मुद्दाम रिकामे सोडतात नाहीतर मधले लोक वैतागतात. आणि रिकामा डबा सोडला की खालची रांग वैतागते, त्यांना काय माहीत कोणासाठी सोडला ते, मी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात. व्हिसलरच्या शेजारच्या ब्लॅककोम डोंगरावर २०१८ ला दोन जुन्या चेअरलिफ्ट (दोराला लटकलेल्या खुर्च्या) काढून एक दहा सीटची गोंडोला टाकली, ताशी ४,००० माणसं, तिलाही मधलं स्टेशन आहे.

जीआयडीसी_नाईटशिफ्ट
ताशी ४,००० म्हणजे ४०० डबे, म्हणजे दर नऊ सेकंदाला एक. विचार करा, नऊ सेकंदात कुटुंब चढवायचं नसतं, तीन-चार डबे एकाच वेळी स्टेशनात रांगत असतात म्हणून जमतं.

आणि एक गैरसमज, लोकांना वाटतं लिफ्ट फास्ट केली की रांग संपली. जुन्या चार सीटच्या खुर्च्या दोराला पक्क्या बांधलेल्या, सेकंदाला अडीच मीटर. नवीन पकड सुटणाऱ्या, पाच मीटर (पहिली अमेरिकेत ब्रेकनरिजला १९८१ मध्ये आली). पण दोन्हीकडे दर सहा सेकंदाला एकच खुर्ची येत असेल तर ताशी माणसं तेवढीच, २,४००! फक्त दहा मिनिटांचा प्रवास पाच मिनिटांचा झाला. आधी जी माणसं हवेत लटकलेली होती त्यातली अर्धी आता उतारावर, नाहीतर परत तुमच्यापुढे रांगेत.

फुकटचा_सल्लागार
म्हणजे पैसे घालून रांग तिथेच. वाह.

दांडियाबाजारी
वा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ८६ च्या आधीचा पावागढ पायी चढलेला आहे, उडनखटोला नव्हताच तेव्हा. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "अरे, दोर थांबत नाही, डबा थांबत नाही, मग मी चढू कसा?" जानेवारीत कोंगडोरीला आलेच नव्हते ते, गुडघा दुखतो म्हणाले होते. आत्ता कळलं गुडघा नव्हता, ही भीती होती. फेब्रुवारीत परत जायचंय, कसं करू?

जीआयडीसी_नाईटशिफ्ट
रांगेत असतानाच चढवणाऱ्या माणसाला सांगा, वयस्कर आहेत म्हणून. ते डबा अजून हळू करतात, गरज पडली तर पूर्ण थांबवतातसुद्धा, बटण हाताशीच असतं. डब्याच्या दाराबरोबर दोन पावलं चालायचं आणि मग पाय टाकायचा, समोरून नाही. तुम्ही आधी शिरा आणि आतून हात द्या, मुलगी मध्ये, बाबांच्या पाठीशी वहिनी. बाबांची काठी मुलीकडे द्या.

बर्फातली_बडोदेकरीण
आणि बुटात बर्फ अडकलेला असेल तर आधी झाडून घ्या, डब्याच्या फरशीवर पाय सटकतो. कोंगडोरीला बाबांना बसवा, कहवा द्या, सोबत लीला चिवडा न्या. आणि दादा तुम्ही या वेळी वर जाऊ नका 😄