लहान मापाची रोड बाईक: पुढच्या चाकाला बूट लागतो, ४७ घ्यावी की ५०?

रिमझिम

उंची १५२ सेंमी, बूट युरोपियन ३८. डिस्क ब्रेकची रोड बाईक घ्यायची आहे, २०० आणि ३०० किमीच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी) आणि एरवी पुण्यात रोजच्या जाण्यायेण्यासाठी. फ्रेमचं ४७ माप अंगाला बरोबर बसतं, पण क्रँक पुढे आडवी ठेवून हँडल वळवलं की बुटाचं टोक टायरला घासतं. ५० वर घासणं कमी होतं, हँडल मात्र लांब पडतं.

४७ ची मापं अशी: फ्रंट-सेंटर ५७४ मिमी, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) ७१ अंश, फोर्क रेक (वळण्याच्या रेषेपासून चाकाचा मध्य जेवढा पुढे ते अंतर) ४५, क्रँक १७०, टायर २८. ५० चं फ्रंट-सेंटर ५८४. पावसाळ्यात पूर्ण मडगार्ड लावायचे आहेत. हे घासणं धोक्याचं आहे का? ५० घेऊन ते टाळावं, की ४७ घेऊन काही बदलता येईल?

स्पोकपाना

४७ घ्या. कारण आकड्यांतून सांगतो, म्हणजे दुसरी कुठली सायकल पाहिलीत तर तिलाही लावता येईल.

बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरते त्या बैठकीच्या) मध्यापासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे फ्रंट-सेंटर. त्यातून तीन गोष्टी वजा करा: चाकाची टायरसकट त्रिज्या, क्रँकची लांबी, आणि पेडलच्या अ‍ॅक्सलपुढे येणारा बुटाचा भाग. ७०० च्या चाकाला २८ चा टायर असेल तर त्रिज्या ३११ + २८ = ३३९. ३८ च्या बुटाचा पुढचा भाग ९२ च्या आसपास धरू. मग ५७४ − ३३९ − १७० − ९२ = −२७. म्हणजे २७ मिमी ओव्हरलॅप, बूट टायरच्या हद्दीत तेवढा शिरतो. ५० मापावर तोच आकडा −१७ येतो. दहा मिमी कमी झालं, पण बूट लागायचा तो लागणारच. त्या दहा मिमीसाठी प्रत्येक किलोमीटरला खांदे आणि मान ताणून हँडल धरावं लागेल. तीनशे किमीच्या ब्रेव्हेला हा सौदा अजिबात परवडत नाही.

लहान फ्रेमलाच हे का होतं? माणूस लहान झाला तरी ७०० चं चाक तेवढंच राहतं. फ्रेम आखणारा सीट ट्यूब उभी करतो, हेड ट्यूब आडवी पाडतो आणि जमेल तेवढं चाक पुढे ढकलतो. ७१ अंशांचा हेड अँगल त्यातूनच आला आहे. त्यापुढे गेलं तर हँडल जड आणि आळशी होतं.

आता धोक्याचं. चाक सरळ असताना ते दोन पावलांच्या मधून जातं, लागत नाही. तुमच्या मापांत चाक साधारण १५ ते २० अंश वळलं तरच टायरची मागची कड बुटापर्यंत पोचते. चाकांमधलं अंतर ९७० मिमी धरलं तर १४ मीटर त्रिज्येच्या वळणाला हँडल जेमतेम ४ अंश वळतं, ५ मीटरला ११ आणि ३ मीटरला १८. घाटातल्या हेअरपिनची आतली त्रिज्या आपल्याकडच्या रस्तेबांधणीच्या मानकात किमान १४ मीटर आहे. म्हणजे घाट उतरताना याची भीती बाळगायचं कारण नाही. मात्र ७ मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्यावर एका दमात यू-टर्न मारायचा तर त्रिज्या ३ मीटरच उरते, आणि तिथे बूट बरोबर टायरवर येतो. पार्किंगमधली वळणं, सिग्नलला उभं राहून तोल सांभाळणं, चालण्याच्या वेगात खड्डे चुकवणं, या त्याच्या जागा.

घाटमाथा

क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) थोडी टाचेकडे सरकवा, पाऊल मागे येईल. पाच-सात मिमी तिथेच सुटतात.

स्पोकपाना

@घाटमाथा, उलट होईल. क्लीट पेडलला जोडलेली असते आणि पेडल आपल्या जागीच राहतं. क्लीट टाचेकडे नेली की बूट पेडलवर पुढे सरकतो आणि ओव्हरलॅप तेवढाच वाढतो. कमी करायचा तर क्लीट बोटांकडे न्यावी लागेल, पण तसं केलं की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. लांब पल्ल्याला तर बरेच जण क्लीट मुद्दाम मागे घेतात. म्हणून ओव्हरलॅपसाठी क्लीटला हात लावू नये; पायाला जिथे बरी वाटते तिथेच ती राहू द्या.

पेडलचा अ‍ॅक्सल ४ मिमी लांब घेऊन पाय बाहेर न्यायचा उपायही सुचवला जातो. त्याने जेमतेम पाऊण अंश जास्त वळता येतं. गुडघ्यांना रुंद उभं राहणं मानवत असेल तर घ्या, यासाठी नको.

तीनखांब

खरेदीआधी मोजून घ्या, ९२ चा आकडा गृहीत धरू नका. दुकानात स्वतःचे बूट आणि क्लीट न्या, टायरमध्ये नेहमीची हवा भरा. एकाने मागून सीट धरावी, तुम्ही बसून दोन्ही पाय क्लिप करा. डावी क्रँक पुढे आडवी ठेवून हँडल सावकाश उजवीकडे वळवा. बूट टायरला टेकला तिथे थांबा आणि हँडल किती वळलंय ते बघा. मग क्रँक थोडी वर, थोडी खाली नेऊन पुन्हा बघा, कारण टाच खाली पाडून पेडल मारणाऱ्याचं टोक वेगळ्या जागी लागतं. नंतर उजवा पाय पुढे आणि हँडल डावीकडे. दोन्ही बाजू सारख्या येतीलच असं नाही. दोन पावलांत किंवा दोन क्लीटमध्ये फरक असतोच.

रोज साध्या बुटांनी, सपाट पेडलवर जाणार असाल तर ती चाचणी वेगळी करा. सपाट पेडलवर बहुतेकांचं पाऊल मध्यावर टेकतं, त्यामुळे टोक क्लीटच्या बुटापेक्षा दोन-तीन सेंमी पुढे जातं. ब्रेव्हेला चालून जाणारी सायकल रोजच्या ट्रॅफिकमध्ये जास्त घासते ती यामुळे. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमात, पाय अडकवायची सोय नसलेल्या सायकलला पेडलच्या मध्यापासून पुढच्या टायर किंवा मडगार्डपर्यंत किमान ८९ मिमी मोकळी जागा लागते. तुमच्या ४७ ला ५७४ − ३३९ − १७० = ६५ च उरतात. सपाट पेडल लावायची असतील तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

रिमझिम

मापं घेतली. क्लीटच्या बुटाने पुढचा भाग ९४ आला, दोन्ही पाय सारखे. ४७ चं नक्की करते आहे. मग आधी काय बदलू: क्रँक, चाकं की फोर्क? आणि मडगार्डचं काय?

स्पोकपाना

आधी क्रँक. ओव्हरलॅप नसता तरी तुमच्या उंचीला १७० लांबच आहे. शिमानोची १०५ मालिकेतली क्रँक १६० मध्ये मिळते. दहा मिमी तिथे सुटले, शिवाय पेडल वर येताना मांडी पोटाला कमी दाबते. विकत घेतानाच दुकानदाराला बदलून मागा, नंतर स्वतंत्र घेतली तर पूर्ण किंमत पडते. एक तोटा आहे: तरफ सुमारे ६ टक्के कमी होते, म्हणून चढाला सगळ्यात हलका गिअर ३४-३० (पुढे ३४ दात, मागे ३०) असेल तर मागची कॅसेट ३४ ची करून घ्या. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) तेवढे दात घेतो का ते आधी तपासा.

टायर २८ वरून २५ करू नका. तीन मिमीसाठी आपल्या रस्त्यांवर मनगटं झिजवायची गरज नाही.

फोर्क शेवटी, किंवा नकोच. गणित मात्र चांगलं आहे: ७१ अंश आणि ४५ रेकला ट्रेल (वळण्याची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ६९ येतो, जो जास्तच आहे. ५३ रेक केला तर ट्रेल ६१ वर येतो, हँडल चपळ होतं आणि चाक सुमारे ८ मिमी पुढे जातं. पण स्टिअरर (फोर्कची वरची नळी), खालच्या बेअरिंगचं माप, फोर्कची उंची, अ‍ॅक्सल आणि ब्रेकची बैठक हे सगळं जुळणारा फोर्क शोधावा लागतो, आणि नव्या सायकलची वॉरंटी जाऊ शकते.

चाकोरी

डिस्क ब्रेक असल्याने तुम्हाला चाकांचाही मार्ग मोकळा आहे. ६५०बी (म्हणजे २७.५ इंची) चाकाला ३८ चा टायर घातला तर त्रिज्या २९२ + ३८ = ३३०. ९ मिमी सुटतात आणि टायर रुंद होतो, खडबडीत रस्त्याला उत्तम. आधी फ्रेममध्ये ३८ मावतो का ते बघा. दोन्ही बाजूंना किमान ४ ते ५ मिमी मोकळं हवं. उत्साहाने ४७ रुंदीचा टायर घातला तर त्रिज्या परत ३३९, म्हणजे ओव्हरलॅपसाठी काहीच मिळालं नाही. सायकल ९ मिमी खाली बसते, त्यामुळे वळणात पेडल टेकायची शक्यता वाढते. १६० ची क्रँक ते भरून काढते. हे दोन बदल म्हणून एकत्र शोभतात. २७.५ ची ट्यूब लहान गावातही मिळते, गुळगुळीत ३८ चा टायर मात्र मागवूनच ठेवावा लागतो.

लहान चाकाची कल्पना नवी नाही. जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी काढून बुटक्या बायकांसाठी पुढे २४ इंची आणि मागे ७०० चं चाक असलेल्या रोड बाईक विकल्या. सर्लीच्या लाँग हॉल ट्रकरची सगळ्यात लहान मापं २६ इंची चाकांवरच येत. ७०० च्या हट्टापायी लहान माणसाची सायकल बिघडवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तीनखांब

मडगार्ड हा यातला खरा धोका आहे, त्याकडे नीट लक्ष द्या. उघड्या टायरला बूट घासला तर टायर फिरत राहतो आणि बूट बाजूला ढकलला जातो. मडगार्डला अडकला तर त्याची कड दुमडून टायरवर दाबली जाते, टायर तिला ओढत वर नेतो आणि चाक जाम होऊ शकतं. शिवाय ओव्हरलॅपही १०-१२ मिमीने वाढतो.

लावायचेच असतील तर २८ च्या टायरला ३५ रुंदीचा घ्या, ४५ चा नको. टायर आणि मडगार्डमधली फट सगळीकडे सारखी ८ ते १० मिमी ठेवा. तारांची टोकं क्लिपच्या बाहेर राहू देऊ नका, बूट फाडतात. फोर्कजवळच्या क्लिप ओढ बसली की सुटणाऱ्या हव्यात, घट्ट नटबोल्टच्या नकोत. खाली लोंबणारा फ्लॅप जाड रबराचा, वाकणारा असावा. तरीही तुमच्या आकड्यांत मी मागे पूर्ण मडगार्ड आणि पुढे डाउन ट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला) बांधायचा पत्रा एवढंच सुचवेन. पाय थोडे भिजतील, बॉटम ब्रॅकेट बऱ्यापैकी वाचेल. लहान फ्रेमला डाउन ट्यूब आणि टायरमध्ये जागा कमी असते, पत्रा बांधल्यावर चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

घाटमाथा

क्लीटचं पटलं. चालवण्याबद्दल लिहितो. उजवीकडे वळताना चाकाची मागची कड डावीकडे जाते, म्हणून डावा पाय लागतो. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडेच, तेव्हा एकच सवय पुरते: वळायच्या आधी उजवा पाय पुढे, क्रँक आडवी, मग हँडल. पेडल मारावंच लागलं तर पूर्ण फेरा नको. घड्याळातल्या दोनपासून चारपर्यंत उजवा पाय दाबा, उलटं फिरवून परत दोनवर आणा, पुन्हा दाबा. डावा पाय मागेच राहतो. सिग्नलवरून निघताना, विशेषतः चढावर, चाक सरळ करूनच पहिलं पेडल. रिकाम्या मैदानात बाटल्या ठेवून हे घोटून घ्या. फिक्स्ड गिअरवर यातलं काहीच चालत नाही, पाय थांबवता येत नाहीत. तिथे ओव्हरलॅपची सायकल घेऊच नये.

रिमझिम

१६० ची क्रँक ठरवली. चाकं पहिल्या पावसाळ्यानंतर बघेन. क्रँक बदलल्यावर बसण्याच्या मापात काय बदलायचं?

स्पोकपाना

सीट १० मिमी वर घ्या, म्हणजे पेडल तळाला असताना पाय पूर्वीइतकाच सरळ होईल. सीटपोस्ट तिरकी असल्याने सीट आपोआप अडीच-तीन मिमी मागेही जाते, लगेच सीटखालच्या रेल्स हलवू नका. सीट चढली म्हणजे हँडल तेवढंच खाली पडलं; स्टेमवर स्पेसर (कड्या) शिल्लक असतील तर १० मिमीचा खाली घ्या. बॉटम ब्रॅकेट आणि पुढचा डिरेलर तसेच राहतात, फक्त नव्या क्रँकचा अ‍ॅक्सल जुन्याइतकाच २४ मिमीचा आहे ना ते बघा. डाव्या क्रँकची प्लॅस्टिकची टोपी ०.७ ते १.५ न्यूटन मीटर, म्हणजे बोटांनी फिरेल एवढीच. नंतर दोन्ही बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ न्यूटन मीटरला. पहिल्या शंभर किमीनंतर ते पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.