वाइपोआच्या जंगलात गाईड घ्यावा का?

रानपाखरू: डिसेंबरात आईबाबा ऑकलंडला येतायत. बाबा वनखात्यातून निवृत्त झालेत, त्यांना न्यूझीलंडची कौरी झाडं बघायचीच आहेत. ताने महुता हे वाइपोआतलं प्रचंड कौरी झाड म्हणे रस्त्यालगतच आहे. मग गाईडचे पैसे खर्च करावेत का? आईचे गुडघे दुखतात.

सह्यवेडा: घ्याच. झाड बारा नंबरच्या हायवेपासून पाच मिनिटांवर आहे, लाकडी वाट सपाट आहे, काकूंना काही त्रास नाही. उंची ५१ मीटर, घेर जवळजवळ १४. एकटे गेलात तर फोटो काढून दहा मिनिटांत परत गाडीत बसाल.

आम्ही संध्याकाळी ते रोरोआ या माओरी जमातीच्या गाईडबरोबर गेलो होतो. जंगलात शिरण्याआधी त्यांनी आम्हाला थांबवलं आणि कराकिया, म्हणजे माओरी प्रार्थना, म्हटली. आकाशपिता रांगी आणि धरणीमाता पापा घट्ट बिलगलेले होते, त्यांच्या पोरानं, तानेनं, त्यांना वेगळं केलं, तेव्हा जगात उजेड आला. हे झाड म्हणजे तोच ताने. ते ऐकून वर पाहिलं की मान खाली येत नाही. माझं बालपण देवराईशेजारी गेलं, मला तिथली भीड ओळखीची वाटली. कौरीच्या लाकडासाठी उत्तरेकडची जंगलं कशी साफ झाली आणि वाइपोआ १९५२ साली अभयारण्य कसं ठरलं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. बाबांना तर हजार प्रश्न पडतील, आणि फलक काही उलट उत्तर देत नाही.

मातीचे_पाय: बूट घासूनपुसून न्या. कौरीची मुळं मारणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलातून पसरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. जंगलाच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशक असतं, जाताना आणि येताना दोन्ही वेळा वापरा. वाट सोडून एक पाऊलही टाकू नका, मुळं अगदी वरवर असतात.

रानपाखरू: ‘ते मातुआ न्गाहेरे’ हे दुसरं मोठं कौरी झाडपण बघायला जमेल का?

सह्यवेडा: ते बुंध्यानं आणखी जाड, १६ मीटरच्या वर. पण चालणं जास्त आहे, आणि रोगामुळे वाटा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. ऑकलंडहून साडेतीन-चार तास लागतात, तेव्हा एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. जंगलाजवळच्या ओमापेरे गावात मुक्काम करा. अंधारात रुरू घुबडं ऐकू येतात. काकूंसाठी जाड स्वेटर ठेवा, डिसेंबर असला तरी.