मदत हवी आहे: गिरणीत ओळखलं गेलो, आता दप्तर गळ्यात पडलंय

मी मोडी (जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी) वाचनाचे छोटे व्हिडिओ टाकतो. चेहरा कधीच दाखवत नाही, फक्त हात, टाक आणि आवाज. बघणारे मोजके, त्यात निम्मे नातेवाईक. परवा गिरणीत दळण टाकताना म्हणालो, "जरा बारीक दळा हं." मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही ते मोडीवाले ना? 'इथे लेखणी उचलायची नाही हं' म्हणता ते?" खरं सांगू, पीठ अंगावर सांडेपर्यंत हसलो.

संध्याकाळी त्या पंचाभरून घरातले जुने मोडी कागद घेऊन घरी हजर! एकावर 'अर्बा तिसैन मया व अलफ' स्पष्ट लागलं. हे अरबी अंकशब्द, म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली कालगणना) ११९४, त्यात ५९९ मिळवून १७९३-९४. इथवर ठीक. पण तीन कागद घडीवरच एकमेकांना चिकटलेत, कडा बोट लावताच झडतात. बाई लॅमिनेशन करायला निघाल्या होत्या, कसंबसं थांबवलं.

चिकटलेले कागद न फाटता कसे सोडवायचे? की हातच लावू नये? पुण्यात खाजगी कागदांचं असं काम कोण करतं?

आणि दुसरं. त्यांच्या घरात जमिनीवरून भाऊबंदकी चाललीय. "एवढं सही करून लिहून द्या" म्हणतात. मी पडलो हौशी, र्‍हस्व-दीर्घाचा भेद नसलेल्या लिपीत नावाचा घोळ झाला तर? कोर्टात चालेल असं लिप्यंतर कोणाकडून करून घ्यावं? अनुभव असेल त्यांनी सांगा. बाई रविवारी परत येणार आहेत, चकल्या घेऊन.