मदत हवी आहे: हार्डविक हॉलच्या खिडक्या मराठीत कशा समजावू?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची सहल इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या हार्डविक हॉलला जाणार आहे आणि वास्तूची माहिती मी सांगायची आहे. १५९० च्या दशकात एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूझबरी हिने बांधलेला हा वाडा. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. वालुकाश्म जवळच्याच खाणीतला. सहा मनोरे, आणि त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली मालकिणीची आद्याक्षरे, 'ई एस'.

पण मी अडकलेय ती खिडक्यांपाशी. भिंतीपेक्षा काचच जास्त, अशी तिथली जुनी म्हण आहे. वर जावे तशा खिडक्या उंच होत जातात, कारण मानाची दालने सगळ्यात वरच्या मजल्यावर. धुराडी बाहेरच्या भिंतींत न ठेवता बरीचशी आतल्या जाड भिंतींत घेतली आहेत. काही खिडक्या तर केवळ दर्शनी समतोलासाठी, मागे बंद! मला हे फार आवडते.

इथे कोणी वास्तुविशारद किंवा स्थापत्य अभियंता असेल तर कृपया सांगा: एवढी काच असताना छताचा भार मुख्यतः त्या मधल्या भिंतींवर येतो का? मनोऱ्यांचा आधार कितपत? आणि खिडकीतल्या उभ्या-आडव्या दगडी पट्ट्यांना, म्हणजे मुलियन आणि ट्रान्समला, आपल्या गवंड्यांच्या बोलीत काही शब्द आहे का? 'गज' म्हटले की लोखंडच डोळ्यांसमोर येते. सहलीत आजी-आजोबा बरेच आहेत, त्यांना नेमका शब्द द्यायचा आहे.