होडी चालते, पण फटफट गेली

प्रश्न (मांजलपूर, वडोदरा)
नमस्कार. वय ४६, मकरपुऱ्यात एका कारखान्याचे हिशेब बघतो. उत्तरायणाला माळ्यावरून फिरकी काढताना लहानपणची पत्र्याची होडी हाताला लागली. मेणबत्ती लावली की फटफट करत चालणारी, जत्रेत मिळायची ती. बुडाला भोक पडलं होतं. मग त्याच रात्री कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून चपटी पिशवी दुमडली, तिला सरबताच्या दोन नळ्या एम-सीलने चिकटवल्या आणि ताकाच्या रिकाम्या खोक्याची होडी केली. एम-सील सुकेपर्यंत झोप कुठली? साडेअकराला ती टबात फटफटत निघाली तेव्हा मी आईला उठवून आणलं. ती ७८ वर्षांची. पाटावर बसून मेणबत्ती संपेपर्यंत बघत होती.

ऑफिसात व्हिडिओ दाखवला. कोणी म्हणालं विकायला काढा, कोणी म्हणालं चॅनल सुरू करा. मलाही वाटलं, आता नीट करू. तांब्याची नळी आणली, तिचं वेटोळं केलं, लाकडाची होडी घासून रंगवली. देखणी झाली. चालतेही. पण आवाज नाही! तीन रविवार गेले. आता टब दिसला की राहिलेलं काम आठवल्यासारखं होतं.

दोन गोष्टी सांगा. आवाज का गेला? आणि पहिल्या रात्रीसारखी ओढ तुम्ही कशी टिकवता?

उत्तर (निवृत्त बॉयलर अटेंडंट, गोरवा)
भाऊ, आवाज वेटोळ्यात नव्हताच, तो तुमच्या कॅनच्या पत्र्यात होता. पिशवीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. वाफ नळीच्या थंड भागात शिरली की तिचं परत पाणी होतं, दाब पडतो आणि बाहेरचं पाणी आत येतं. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. प्रत्येक वेळी पातळ सपाट पत्रा फुगतो आणि बसतो, तीच फटफट. तांब्याची गोल नळी कशाला फुगेल?

आता तुम्ही मला सांगा. पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं. मग होडी जागच्या जागी का हलत नाही, पुढे का जाते? पुस्तक उघडू नका. होडी हाताने धरा आणि नळीच्या तोंडामागे निळ्या शाईचा थेंब सोडा. आणि एक नळी बोटाने बंद करून बघा, चालते का. मी ३४ वर्षं बॉयलरपाशी काढली, तरी हे बघायला आजही उठून येईन.

उत्तर (गणिताची शिक्षिका, रावपुरा)
ओढ टिकवण्याचं माझं सांगते. महिन्यातून एकदा कामाठीबागेतल्या म्युझियममध्ये जाते. सयाजीरावांनी बांधलेलं, १८९४चं. लहानपणी सहलीला एका तासात सगळं पळत बघितलेलं. आता एका फेरीत एकच वस्तू. देवमाशाच्या सांगाड्यापाशी तर तीनदा गेले. माशासारखा दिसणारा प्राणी आणि परांमध्ये बोटांची हाडं! त्यावर नववीच्या वर्गात अख्खा तास गेला, भूमिती राहिली. सासूबाई विचारायच्या, कशाला जातेस गं? मी सांगायचे, बघायला. गेल्या महिन्यात त्याही आल्या.

तुमची दुसरी होडी लोकांना दाखवायची होती, पहिली तुम्हाला बघायची होती. मला एवढाच फरक दिसतो.

उत्तर (फाइन आर्ट्सची माजी विद्यार्थिनी, सध्या फतेगंज)
ताईंशी थोडी असहमत. दाखवणं, विकणं यात वाईट काही नाही. आमच्या फॅकल्टीच्या मेळ्यात तर खेळणी विकायलाच असायची. १९६०च्या दशकात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी या मेळ्यांसाठी लाकूड, चामडं, मणी असं जोडून प्राणी केले. त्याच माणसाने १९६३ साली लखनौच्या रवींद्रालय सभागृहाची प्रचंड टेराकोटा (भाजलेल्या मातीची) भिंत केली. वाघाचं शेपूट मण्यांचं की दोरीचं, हाही त्यांच्यासाठी खरा प्रश्न होता, असं ती खेळणी बघताना मला नेहमी वाटतं.

दादा, तुमचं अडलं कारण नवीन होडी कशी दिसणार हे आधीच ठरलं होतं. मी चित्र अडलं की रद्दीतला पुठ्ठा घेते, कात्री घेते आणि पेन्सिल लपवते. आधी रेघ मारायचीच नाही. दहापैकी नऊ तुकडे टाकून देते. दहावा मात्र मला माहीत नसलेला असतो.

प्रश्नकर्ता
काका, शाई टाकली! बाहेर पडणारं पाणी सरळ रेघेत मागे गेलं, हातभर. आत येताना मात्र चारी बाजूंनी गोळा होऊन आलं, म्हणून मागे ओढ बसत नाही. बरोबर ना? एक नळी बंद केली तरी चालली. टबाचं पाणी निळं झालं, बायकोने बादलीभर नवीन आणून दिलं आणि तीही बसली.

तांब्याची होडी शोकेसमध्ये ठेवली, ती तशीच छान आहे. ताकाच्या खोक्याची परत काढली. आई आत्ता विचारते आहे, पिशवी दुप्पट रुंद केली आणि खाली दोन मेणबत्त्या लावल्या तर आवाज जाड येईल की बारीक? कॅन रिकामा आहे. कापायला बसतो.